आठ वेढे आणि आभारप्रदर्शन

आमच्या आप्पांनी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. निपाणीच्या मराठी शाळेत पोरांना गणित शिकवलं आणि सभेत आभार मानले. पहिल्या कामाची पेन्शन येते. दुसरं त्यांनी फुकट केलं, आणि बरेचदा कुणी सांगितलेलं नसताना केलं.

आमच्या घराला लागूनच समाजमंदिर आहे. मधे एकच भिंत. आमच्या सोप्याची, म्हणजे पुढच्या खोलीची, खिडकी समाजमंदिराच्या दारापुढच्या बोळात उघडते, त्यामुळे तिकडे कुणी नुसता घसा खाकरला तरी आप्पांना कळायचं आणि ते शर्ट चढवायचे. व्याख्यान असो, दहावीच्या पोरांचा सत्कार असो, नाहीतर नळाच्या पाण्यावरून बोलावलेली बैठक असो, कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ छापूनच यायची: आभार, गुरुजी. वक्ता तासभर बोलला तर आप्पा अर्धा तास आभार मानायचे. वक्ते, अध्यक्ष, मंडपवाले, चहा करणाऱ्या बायका, ज्यांनी खुर्च्या लावल्या ते, ज्यांनी खुर्च्या लावतो म्हणून लावल्या नाहीत ते, आणि मधे वीज न घालवल्याबद्दल वीजवाले. लोक चपला शोधत दाराशी उभे असायचे, तर आप्पा त्या शोधणाऱ्यांचेही आभार मानायचे. मला लहानपणी याची भयंकर लाज वाटायची. मोठेपणी कमी वाटायला लागली, इतकंच.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग नातवंडांची बडबड गेली, मग आईचं बोलणं. आईला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "मला काय फरक न्हाय. माझं त्यांना कवाच ऐकू गेलेलं न्हाय."

पण सभेत फरक पडला. गेल्या वर्षी एका व्याख्यानाला कोल्हापूरहून एक प्राध्यापक आले होते. बोलता बोलता ते थांबले आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला. पहिल्या रांगेत बसलेल्या आप्पांना दिसलं ते एवढंच, की ओठ हलायचे थांबले. ते उठले, ताठ चालत माइकपाशी गेले आणि आभार मानायला लागले. पाहुण्यांच्या हातात पेला तसाच. समाजमंदिराचे सेक्रेटरी खालून हातानं थांबा थांबा करत होते, आप्पांना वाटलं आवाज पोचत नाही, म्हणून त्यांनी आवाज चढवला. हॉल हसायला लागला. पाहुणे भले होते, ते मुकाट्यानं खुर्चीत बसले आणि स्वतःचे आभार ऐकत राहिले.

हसणाऱ्यांत वाईट कुणी नव्हतं. हसण्यासारखंच होतं ते. पण घरी आल्यावर आईनं हातवारे करून काय झालं ते सांगितलं, तेव्हा आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी सोप्याची ती खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून समाजमंदिरात पाऊल टाकलं नाही. सेक्रेटरी तीनदा बोलवायला येऊन गेले. दर वेळी आप्पा म्हणायचे, "गुडघा दुखालाय." आमचे आप्पा रोज सकाळी चालत बाजारात जाऊन येतात.

मला त्यांना परत त्या हॉलमध्ये बसलेलं बघायचं होतं. आभार नाही मानले तरी चालतील, मनातल्या मनात मी म्हणायचे, पण बसू देत.

मी बेळगावला एका कारखान्यात नोकरी करते. पाण्याच्या आणि तेलाच्या पायपांवर ज्या विजेनं उघडमीट करणाऱ्या झडपा असतात, त्या आम्ही बनवतो. झडपेच्या पोटात कॉइल असते, म्हणजे तांब्याच्या तारेचं गुंडाळं. त्यात करंट सोडला की त्याचा चुंबक होतो आणि झडप वर ओढली जाते. तार गुंडाळायच्या आधी ती कॉम्प्युटरवर गुंडाळून बघायची, हे माझं काम. सॉफ्टवेअरमध्ये कॉइल काढायची, एका चौकटीत करंट लिहायचा, दुसरीत वेढे किती ते लिहायचं, आणि बटण दाबून चहाला जायचं. परत येईपर्यंत पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंग उमटलेले असतात. जिथं लाल तिथं चुंबकाचा जोर जास्त. करंट गुणिले वेढे, एवढंच त्यातलं मर्म. करंट दुप्पट करा नाहीतर वेढे दुप्पट करा, जोर सारखाच वाढतो. हे मी आईला एकदा समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी इंजिनेरिंग केलीस व्हय?"

आप्पांना बेळगावला नेऊन कानाची मशीनं करून आणली. मशीनं चांगली होती. पण एका लग्नात घालून गेले आणि ताट वाढायच्या आधीच काढून खिशात घातली. म्हणाले, "भांडी घासणारा माझ्या डोक्यात बसून भांडी घासालाय." पंखे, खुर्च्या, पोरांची पळापळ सगळं मोठं होऊन यायचं आणि समोर बोलणारा माणूस त्यात बुडून जायचा. म्हणजे सभेला काही उपयोग नाही. मी आप्पांना घेऊन पुन्हा मशीनं देणाऱ्या त्या बाईंकडे गेले. चुणचुणीत पोरगी होती. ती म्हणाली, "यात एक टी बटण आहे. ते दाबलं की बाहेरचे आवाज बंद. आत एक छोटी कॉइल आहे, ती चुंबकीय क्षेत्र ऐकते. हॉलभोवती तारेचे वेढे घालून त्यातून माइकचा आवाज करंट म्हणून सोडला, की तो थेट कानात येतो. पंखे नाहीत, खुर्च्या नाहीत. परदेशात थिएटरांत असतं म्हणे, आपल्याकडं कोण करतंय."

मला खुर्चीवर बसवेना. कॉइल. माझ्या बापाच्या कानात कॉइल आहे, आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या झडपा उघडतेय.

बाईंनी जाता जाता आप्पांना ते बटण दाखवून ठेवलं, ही मात्र चूक झाली. टी दाबलं की बाहेरचे आवाज बंद होतात, हे आप्पांच्या बरोबर लक्षात राहिलं. घरी आल्यापासून आईनं तोंड उघडलं, की त्यांचा अंगठा कानामागे जायचा. चेहरा एकदम शांत व्हायचा. दोन दिवसांत आईनं ते ओळखलं आणि मला फोनवर झापलं.

"एवढं पैसे घालून मला बंद करायचं बटण बसवून आणलीस काय गं?"

त्या बटणाचे आणखी उद्योग होते. घरातल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्रही ते पकडायचं. त्यामुळे शेजारणीचा मिक्सर कधी लागला, वीज कधी आली, हे आप्पांना सगळ्यांआधी कळायला लागलं. ते डोळे मिटून सोप्यात बसायचे आणि मधेच म्हणायचे, "चटणी कराल्यात पलीकडं." आईला त्याची भीती वाटायची.

मी कारखान्यातल्या साहेबांची परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत समाजमंदिराचा हॉल सॉफ्टवेअरमध्ये काढला. चार भिंती, पत्रा, स्टेज, आणि पायाशी चारी बाजूंनी फिरणारी तार. हिशेब करून आठ वेढे ठरवले. आता इथं माझ्याकडून जे झालं ते समजायला आमच्या भागात वाढलेलं असावं लागतं.

सीमाभागातला माणूस कुठलीही गोष्ट एकदा भरत नाही. लहानपणापासून आम्ही प्रत्येक अर्ज दोनदा लिहिलाय, एक कानडीत, एक मराठीत. एक ऑफिसला द्यायचा आणि एक आपल्या समाधानासाठी. दुकानाची पाटी दोनदा रंगवायची, लग्नपत्रिका दोनदा छापायची, पाहुण्याला पत्ता दोनदा सांगायचा. साहेबांनी कानडीत विचारलं तर कानडीत उत्तर द्यायचं, आणि मागे उभ्या असलेल्या चुलत्यासाठी तेच पुन्हा मराठीत. मी बारावीचा फॉर्म भरला तेव्हा जन्मतारीखसुद्धा दोनदा लिहिली होती, आकडे दोन्हीकडे तेच असताना. एकदा लिहिलं की काहीतरी राहिलंय अशी रुखरुख लागते.

तर मी आठ वेढे हौसेनं वेगवेगळे काढले. एकावर एक, बांगड्या घातल्यासारखे. आणि मग ते आठही निवडून वेढ्यांच्या चौकटीत पुन्हा आठ लिहिलं. म्हणजे काढलेल्या प्रत्येक वेढ्याला सॉफ्टवेअरनं आठ वेढे समजलं आणि हॉलला चौसष्ट वेढे पडले. मला पत्ता नाही. बटण दाबलं तर हॉल लालभडक. मी खूश. करंट कमी केला, तरी लाल. आणखी कमी केला, तरी आमच्या पहिल्या रांगेत छान रंग. एवढ्याशा करंटमध्ये काम होतंय बघून माझी मान ताठ झाली. अशी माणसं असतात ना, पहिल्या घासात मीठ बरोबर पडलं की सगळ्या स्वयंपाकाचा अंदाज आपल्याला आहे असं समजणारी, तशी मी त्या आठवड्यात वागत होते.

निपाणीत मंडप आणि स्पीकरचं काम करणारे एक भाऊ आहेत. आमच्या आप्पांचे विद्यार्थी, गणितात नापास झालेले, आणि त्याचा अभिमान असलेले. त्यांना मी सांगितलं, छोटा अँप्लिफायर आणा, मोठ्याची गरज नाही.

भाऊ म्हणाले, "ताई, मी काय म्हंतो, वेढं आणखी पन्नास मारूया की. लई वेढं, लई आवाज."

"भाऊ, ते गणित असतं."

"म्हणूनच म्हटलं. गुरुजींच्या गणिताचा मला अनुभव हाय."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. आम्ही दुपारभर गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेनं तार बसवली. सेक्रेटरी वर खुर्चीत बसून तार दिसायला नको, तार दिसायला नको, एवढंच म्हणत होते.

चाचणीला आप्पांना आणायचं म्हणजे कर्मकठीण. हॉलमध्ये कुणीही असता कामा नये, या अटीवर ते आले. दारात थांबले, आत नजर फिरवली, आणि पहिल्या रांगेतली त्यांची नेहमीची खुर्ची सोडून मागच्या खुर्चीत बसले. ते बघून मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, टी दाबा. त्यांनी दाबलं. सेक्रेटरी माइकमध्ये म्हणाले, "गुरुजी, ऐकू यालंय काय?"

आप्पा छताकडे बघत होते.

सेक्रेटरी पुन्हा म्हणाले. पुन्हा म्हणाले. भाऊंनी छोट्या अँप्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिळलं, त्याची बत्ती लाल झाली. आप्पांनी डोळे बारीक केले, कानावर हात धरला आणि म्हणाले, "लांब कुठंतरी डास हाय."

आणखी थोडा वेळ आम्ही वायरी उलट्यासुलट्या केल्या. भाऊ म्हणाले जागेत दोष आहे. सेक्रेटरी म्हणाले नारळ फोडायला हवा होता, मग या समाजमंदिरात नारळ फोडत नाहीत हे आठवून गप्प बसले. शेवटी आप्पा उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "असू दे बाळ. चालायचंच. आता परत नको हां." शाळेत ढ पोरांच्या डोक्यावर ते असाच हात ठेवायचे. मी त्या पोरांना ओळखते, त्यांच्यातलं एकही पुढे गणिताच्या वाटेला गेलं नाही. तो हात मला फार लागला.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं बेळगावला निघाले. स्तवनिधीचा घाट चढताना खिडकीला डोकं टेकून मी त्या अँप्लिफायरला, भाऊंना, तांब्याच्या तारेला, सगळ्यांना शिव्या घातल्या. फक्त स्वतःला घातल्या नाहीत. सॉफ्टवेअर चुकत नाही आणि मी तर मुळीच चुकत नाही, मग राहिलं कोण? कारखान्यात पोचल्यावर सहज म्हणून पडद्यावरच्या तारेचा रोध बघितला. करंटला तार किती अडवते, तो आकडा. भाऊंच्या मीटरवर खऱ्या तारेचा आकडा मी बघितला होता. पडद्यावरचा त्याच्या बरोबर आठपट होता.

थोडाफार जास्त असता तर मी पुन्हा भाऊंनाच शिव्या घातल्या असत्या. पण आठपट. मी खुर्चीतच दोन्ही हातांनी डोकं धरलं. वेढे आठ काढले होते आणि आठ लिहिलेही होते. साहेब मागून जाताना थांबले.

"काय झालं?"

"सर, टर्न्स दोनदा भरले."

"काढले आणि लिहिलेपण?"

"हो."

"सीमाभागातली खरी," एवढं बोलून ते चहाला गेले. ते स्वतः खानापूरकडचे, म्हणजे तेही सीमाभागातलेच.

चौकटीत आठच्या जागी एक लिहिलं. बटण दाबलं. लालभडक हॉल निळाशार झाला, म्हणजे चाचणीत आप्पांना आवाज ऐकू आला होता तेवढाच जोर. डास. मग करंट वाढवत नेला तेव्हा कुठं पहिल्या रांगेत रंग चढला. छोट्या अँप्लिफायरच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. मी भाऊंना फोन करून म्हटलं, मोठा आणा. ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं." त्यांनी वेढे म्हटले होते, अँप्लिफायर म्हटलंच नव्हतं. पण त्या दिवशी मी वाद घालायच्या लायकीची नव्हते.

आता प्रश्न होता आप्पांचा. परत नको म्हणजे परत नको. शनिवारी मी घरी आले तेव्हा भाऊ मोठा अँप्लिफायर जोडून एकटेच हॉलमध्ये चाचपडत होते. स्पीकर काढून ठेवलेले, फक्त तारेत करंट. त्यामुळे बाहेर कुणाला ऐकू यायचा प्रश्न नव्हता. मी घरात चहा पीत बसले होते. आप्पा सोप्यात पेपर वाचत होते आणि आई डाळ निवडता निवडता त्यांच्याशी बोलत होती. विषय गॅसच्या टाकीचा होता, पण तो हळूहळू आप्पांच्या धाकट्या बहिणीकडे वळत होता. आप्पांचा अंगठा कानामागे गेला. चेहरा शांत झाला.

आणि लगेच अशांत झाला. त्यांनी पेपर खाली ठेवला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग उठून वर्षभर बंद असलेली ती खिडकी धाडकन उघडली आणि बोळात तोंड घालून ओरडले, "अरं टेस्टिंग टेस्टिंग किती येळा? झालं असंल तर गप बस की रं."

पलीकडून भाऊंचा आवाज आला, "गुरुजी? ऐकू यालंय व्हय?"

"ऐकू न यायला काय झालंय? माझ्या कानात घुसून बोलालायस."

हॉल मी काढला होता तो भिंतींपर्यंतच बघितला होता. रंग भिंतीपाशी संपत होते, कारण मी चित्र तिथंच कापलं होतं. पण तारेभोवतीचं क्षेत्र विटांना विचारत नाही. आमच्याकडं एका रेषेवरून माणसं जन्मभर भांडतात आणि हे सरळ भिंतीतून आमच्या सोप्यात येऊन बसलं होतं. आप्पांच्या खुर्चीत हॉलच्या पहिल्या रांगेइतकाच आवाज.

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. तो आनंद रविवारी संध्याकाळपर्यंत टिकला. रविवारी व्याख्यान होतं. मी आप्पांना म्हटलं, चला. त्यांनी पाय पोटाशी घेतले, बैठक काही मोडली नाही.

"मला हितनं ऐकू यालंय की. तिकडं कशाला?"

"आप्पा, हॉलमध्ये बसून ऐकायला केलंय ते."

"तिकडं शर्ट घालायला लागतोय."

ते बनियनवर होते. समोर शेंगा, शेजारी पाण्याचा तांब्या. आई म्हणाली, "चांगलं केलीस. आधी एक बटण दिलीस मला बंद करायला, आता घरात बसून गावचं ऐकायला दुसरं." आप्पांना त्या हॉलात परत न्यायचं म्हणून मी एवढा खटाटोप केला होता, आणि त्यांना तिकडं कधीच जायला लागणार नाही याचीच पक्की सोय करून बसले होते. मला रागही आला आणि रडूही.

व्याख्यान सुरू व्हायला वेळ होता. हॉलमधले स्पीकर अजून बंद होते, पण तारेचा माइक चालू होता आणि जवळ कुणीतरी उभं असावं, कारण आप्पा शेंगा खाता खाता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मी बघत राहिले. घरात आम्ही दोघी धडधाकट कानांच्या, आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. ऐकत होते ते एकटे.

"काय म्हणतायत?" मी हातानं विचारलं.

त्यांनी मला हातानंच गप्प बसवलं.

तिकडं काय चाललं होतं ते मला नंतर सेक्रेटरींनी मान खाली घालून सांगितलं. आज आभार कोण मानणार, असा विषय निघाला होता. एकजण म्हणाला, तूच मान, दोन वाक्यांत आटप. दुसरा म्हणाला, गुरुजी येत न्हाईत ते एक बरं झालंय, जेवायला येळेत घरी जातोय. मग कुणीतरी म्हणालं, गुरुजींनी पाहुण्याला पाणीबी पिऊ दिलं न्हवतं, आणि सगळे हसले.

आप्पांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. उठले आणि आतल्या खोलीत गेले. तिथवर क्षेत्र पोचत नाही. त्यामुळे त्यानंतर सेक्रेटरी जे बोलले ते त्यांनी ऐकलं नाही. सेक्रेटरी म्हणाले होते, पर एक सांगू, गुरुजी न्हवते तर सभा संपल्यासारखीच वाटत न्हाय, नुस्तं उठून गेल्यासारखं वाटतंय. हे मी आप्पांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसतील.

ते बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हातातलं डाळ निवडायचं सूप खाली ठेवून तीही लुगड्याचा पदर नीट करत मागे आली.

आप्पा हॉलमध्ये शिरले आणि सरळ पहिल्या रांगेत आपल्या खुर्चीत बसले. बोलणाऱ्यांची तोंडं मिटली. भाऊंनी मला अंगठा वर करून दाखवला. व्याख्यान सुरू झालं, विषय विहिरींचा होता, आणि आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, जिथं पटलं नाही तिथं आडवी. मधे वक्ते थांबले आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला. सगळ्या हॉलनं आप्पांकडे बघितलं. मी श्वास धरला. आप्पा हाताची घडी घालून पंख्याकडं बघत बसले होते. पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला, व्याख्यान पुढे सुरू झालं, आणि माझ्या शेजारी आईनं मोठा श्वास सोडला.

शेवटी टाळ्या झाल्या. दोन वाक्यांत आटपणारा गृहस्थ उठायच्या आत आप्पा माइकपाशी पोचले होते. त्यांनी पाहुण्यांकडे वळून विचारलं, "संपलं न्हवं? का पाणी प्यायचं हाय?"

हॉल असा हसला की पत्रा वाजला. या वेळी आप्पाही हसत होते. पाहुण्यांना काही कळलं नाही, ते हात जोडून हसले.

मग आप्पांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या त्या चढ्या आवाजात सुरुवात केली. "आजच्या या कार्यक्रमाच्या निमित्तानं, मी सर्वप्रथम," आणि थांबले. माइककडे बघितलं. थोडं लांब झाले आणि म्हणाले, "हॅलो." पुन्हा जवळ आले. "हॅलो." टी दाबलेलं होतं. त्यांच्याच तोंडचं बोलणं माइकमधून तारेत जाऊन, हॉलला आठ वेढे घालून त्यांच्याच कानात येत होतं. पंखे नाहीत, खुर्च्या नाहीत, नुसता आवाज. आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो तसा.

"हा माझा आवाज हाय व्हय?" त्यांनी विचारलं. आम्हाला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. "एवढा? आणि तुम्ही हा ऐकून घेतलासा? अर्धा अर्धा तास? बसून?"

काही माना हलल्या.

"मग आभार मी चुकीच्या माणसांचं मानालोतो," आप्पा म्हणाले. "तुमचं मानायला पाहिजे होतं." आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लहान आभारप्रदर्शन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "आणि माझं?"

हॉल पुन्हा हसला. आप्पांना ते ऐकू गेलं नाही, टीवर होते. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले, गेल्या वर्षी पेला धरलेल्या पाहुण्याशेजारी उभे होते तसेच. भाऊंनी पळत येऊन बिनवायरचा दुसरा माइक आईच्या हातात दिला. तिनं जन्मात कधी माइक धरला नव्हता. पण तिनं तो काठोकाठ भरलेल्या दुधाच्या तपेलीसारखा दोन्ही हातांनी धरला आणि शांतपणे म्हणाली, "लगीन झाल्यापास्न मी ऐकत आलेय. रोज. माझं आभार कोण मानणार?"

ते थेट त्यांच्या कानात गेलं. आप्पांचा अंगठा सवयीनं कानामागच्या बटणाकडे गेला. तिथंच थांबला, आणि खाली आला.

मग ते पुन्हा माइकपाशी गेले आणि आभार मानायला लागले. त्या दिवशी जेवायला सगळ्यांनाच उशीर झाला.